दादांची चित्रे आणि त्यांतील माणसे

मंडळाचे पदाधिकारी आणि मित्रहो,

या सभागृहात आज लावलेली चित्रे माझ्या वडिलांची, म्हणजे आमच्या दादांची आहेत. आबालाल रहिमान यांनी ज्या कोल्हापुरात कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर रंगवला, ज्या गावाने बाबूराव पेंटर यांच्यासारखा चित्रकार आणि चित्रपटकार घडवला, त्याच गावात दादा वाढले आणि वास्तववादी चित्रणाची तिथली शिस्त त्यांनी आयुष्यभर पाळली.

सावळाराम हळदणकरांविषयी दादा फार आदराने बोलत. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र अनेकांना रविवर्म्याचे वाटते; ते हळदणकरांचे आहे, जलरंगांतले आहे आणि त्यासाठी त्यांची स्वतःची मुलगी उभी राहिली होती, हे दादा प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत. पारदर्शक जलरंगात उजेड हा कोऱ्या कागदाचाच असतो, त्यामुळे तो कुठे राखायचा हे कुंचला टेकवण्यापूर्वीच ठरवावे लागते. उजवीकडच्या भिंतीवर माझ्या आजीचे जे चित्र आहे, त्यात तिच्या नऊवारीच्या काठावर पडलेले ऊन तसेच राखलेले आहे. तिथे रंग नाही. जवळ जाऊन अवश्य पाहा.

घर मात्र चालत असे ते तैलचित्रांवर. शाळांचे संस्थापक, सहकारी संस्थांचे अध्यक्ष, कुणाचे दिवंगत वडील, अशी व्यक्तिचित्रे बहुधा एखाद्या लहानशा कृष्णधवल छायाचित्रावरून करावी लागत. छायाचित्रातून माणसाचा वर्ण कळत नाही, म्हणून दादा घरच्या मंडळींना बोलावून बारकाईने विचारत: रंग उजळ होता की सावळा, फेटा कोणत्या रंगाचा, उन्हात फिरून चेहरा रापलेला होता का? वडिलांच्या वळणावर गेलेला मुलगा असेल, तर त्याला खिडकीपाशी बसवून ते त्याच्या कातडीचा रंग पॅलेटवर जुळवून घेत. अशा वेळी ती माणसे आपल्या माणसाबद्दल बोलू लागत आणि आई त्यांच्यासाठी पुन्हा चहा टाकी. चित्र न्यायला आलेल्या एका बाईंनी, ‘हे असेच बघायचे,’ एवढेच म्हटले. त्या दिवशी दादांना झालेला आनंद मला कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठा वाटतो.

वास्तववाद म्हणजे हुबेहूब नक्कल, असे आज सर्रास म्हटले जाते. मला ते पटत नाही. दादा केसांची एकेक बट कधीच रंगवत नसत. छायाप्रकाशाचे मोठे भाग आधी बसवत आणि तपशील अगदी मोजका ठेवत. कोणता तपशील ठेवायचा, हे मात्र त्या माणसाकडे पुष्कळ वेळ पाहिल्याखेरीज ठरत नाही.

मागच्या टेबलावर त्यांच्या स्केचबुकांच्या प्रती ठेवल्या आहेत. त्यांत पंचगंगेच्या घाटावरची, बाजारातली आणि तालमीतली माणसे आहेत. बहुतेकांची नावे दादांनी लिहून ठेवलेली नाहीत. आपल्यापैकी जे कोल्हापूरकर आहेत, त्यांनी ती सावकाश चाळावीत आणि एखादा चेहरा ओळखीचा वाटला, तर शेजारच्या वहीत पानाचा क्रमांक घालून ते नाव लिहावे, ही माझी विनंती आहे.