१८० लिटर गाळायचं, दीड लिटर टाकायचं

नमस्कार मंडळी! किडनी म्हणजे शरीराची चाळणी, हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण खरी कमाल गाळण्यात नाहीच, गाळलेलं परत घेण्यात आहे.

आकडा बघा. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. लघवी होते किती? दीड-दोन लिटर. बाकीचं पाणी, जवळजवळ सगळी साखर आणि बहुतेक मीठ बारीक नळ्यांमधून पुन्हा रक्तात जातं. एक सूक्ष्म गाळणी आणि तिची नळी मिळून एक नेफ्रॉन; असे नेफ्रॉन एकेका किडनीत सुमारे १० लाख. आणि काय किती परत घ्यायचं, हे सतत बदलत असतं.

मे महिना, चंद्रपूरचं ऊन, दुपारभर बांधकामावर काम. घामावाटे पाणी गेलं की रक्त किंचित दाट होतं. अगदी एक-दोन टक्क्यांचा फरक, पण मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला तेवढाही कळतो. तहान लागते आणि एडीएच नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. ते किडनीत पोचलं की शेवटच्या नळ्यांच्या भिंतीत पाण्यासाठी सूक्ष्म वाटा तयार होतात आणि पाणी परत ओढलं जातं. म्हणून लघवी थोडी आणि गडद पिवळी. संध्याकाळी घरी येऊन पोटभर पाणी प्यायलं की तहान भागते, संप्रेरक उतरतं, लघवी पुन्हा फिकट होते.

पाणी कमी पडलं तर ते लघवीच्या रंगावरून डोळ्यांना तरी दिसतं. मला जास्त काळजी वाटते ती पोटॅशियमची. रक्तात ते लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट एवढंच हवं. केळं, बटाटा, टोमॅटो, डाळी यांतून ते रोज पोटात जातं आणि जास्तीचं मुख्यतः किडनीच बाहेर टाकते. किडनी थकली की ते साठतं, आणि फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. कधीकधी आधी काही त्रासही होत नाही!

आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना हमखास शहाळं नेतात. मायेनंच नेतात. पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. माणूस डायलिसिसवर असेल तर कृपा करून नेऊ नका. तसंच 'लो सोडियम' मीठ: त्यात बहुतेक वेळा सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. बीपीसाठी चांगलं म्हणून किडनीच्या पेशंटला परस्पर देऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. भाज्यांचंही तेच, म्हणून अशा घरांत भाजी चिरून भरपूर पाण्यात उकळतात आणि ते पाणी ओतून देतात.

आणि हो, उन्हात राबून अंग दुखतंय म्हणून उपाशीपोटी, पाणी न पिता पेनकिलर घेणारे खूप आहेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात, नेमका तेव्हा, जेव्हा तिला तो सगळ्यात जास्त हवा असतो.

डायबिटीस किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा तरी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) तपासून घ्या. हा रिपोर्ट कसा वाचायचा, ते पुढच्या व्हिडिओत बघू.