खाऱ्या हवेतलं जुनं इंजिन

[दृश्य: मालवण. चिऱ्याच्या घरातली माडी. टेबलावर रूळ, खिडकीबाहेर पाऊस.]

आषाढात इथे कपाटातल्या चपलांना बुरशी धरते. मग मॉडेल रेल्वेच्या इंजिनाचं काय होणार?

नवं इंजिन देखणं, यात वाद नाही. एकेक रिव्हेट मोजून घ्यावा आणि चालही संथ. पण त्याच्या पोटात सर्किट बोर्ड, डिजिटल हुकूम वाचणारा डिकोडर आणि बंद डबीची मोटर. खारी हवा बोर्डावरच्या सोल्डरच्या जोडांवर हिरवट थर धरवते. मोटरचे ब्रश, म्हणजे तिला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, बहुतेक वेळा बदलताच येत नाहीत. अख्खी मोटर बदलायची, मिळाली तर.

[दृश्य: उलटं ठेवलेलं जुनं इंजिन. मोटर जवळून.]

हे इंग्लंडमधल्या मार्गेटच्या कारखान्यातलं, ट्राय-अँग कंपनीचं इंजिन. मोटरचं मॉडेल एक्स-झीरो-फोर, 12 व्होल्ट डीसी. सगळं उघडं: तीन पट्ट्यांचा कम्युटेटर (मोटरच्या दांड्यावर फिरणारं तांब्याचं कडं), दोन कार्बन ब्रश आणि दोघांनाही दाबून धरणारी एकच तारेची स्प्रिंग.

इंजिन हलत नसेल, तर आधी ही स्प्रिंग बघा. तिच्या एकाच टोकावर इन्सुलेशनची बारीक नळी असते. ती फाटली किंवा पडली की करंट थेट सांगाड्यात जातो. कंट्रोलर ट्रिप होतो आणि बिचारी मोटर जळकी ठरते. बारीक वायरीचं सोललेलं आवरण तिथे चालून जातं.

मग कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून कम्युटेटर पुसा. पट्ट्यांमधल्या फटी टूथपिकने कोरा, सुईने नको. तेल प्रत्येक बेअरिंगला सुईच्या टोकावर मावेल इतकंच. जास्त झालं तर ते कम्युटेटरवर उडतं, कार्बनच्या भुकटीत मिसळतं, फटी बुजवतं आणि ठिणग्या सुरू.

चुंबक मात्र सोडवू नका. जुनं चुंबक सांगाड्यातून सुटं केलं की त्याची ताकद उतरते. मग इंजिन धावतं, पण करंट जास्त खातं, तापतं आणि डबे ओढत नाही.

रुळांच्या बाबतीत जुन्याचा हट्ट नको. त्या काळचे पोलादी रूळ किनाऱ्यावर एका पावसाळ्यात तांबडे होतात. निकेल-सिल्वर या न गंजणाऱ्या मिश्रधातूचे नवे घ्या, पण कोड 100, म्हणजे 2.54 मिमी उंचीचे. कोड 75वर जुन्या चाकांची खोल कड रूळ धरणाऱ्या खुंट्यांवर आपटत जाते.

[दृश्य: तडे गेलेली चॅसी (इंजिनाचा सांगाडा), काचेवर ठेवलेली.]

खरी भीती माझॅकची. हा जस्ताचा मिश्रधातू. ओतताना त्यात शिसं मिसळलं असेल, तर धातू आतून फुगतो, तडकतो. दमट हवेत हे लवकर होतं. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मालात हा रोग जास्त. विकत घेण्याआधी चॅसी काचेवर ठेवा: डुगडुगली किंवा नखाला बारीक तडे लागले, तर गोंद, इपॉक्सी काही उपयोगाचं नाही, फुगणं थांबत नाही. मोटर आणि चाकं चांगली असतील, तर तेवढ्याचाच भाव करा.