चहाचे पैसे कुणाच्या खात्यातले?

(बीड जिल्ह्यातल्या एका लायन्स क्लबच्या सेवा न्यासाच्या वार्षिक सभेत माजी खजिनदारांनी केलेलं भाषण. शब्दांकन करताना थोडं आटोपशीर केलं आहे.)

मंडळी, अध्यक्षांनी मला विषय दिलाय ‘आपल्या न्यासाची मूल्यं आणि ध्येय’. मी पडलो खजिनदार. सात वर्षं पावतीपुस्तकं सांभाळली. मूल्य म्हटलं की मला आधी बँकेचा खाते क्रमांक आठवतो. हसू नका, मी त्यावरच बोलणार आहे.

आपली खाती दोन. क्लबच्या खात्यात आपली वर्गणी जाते. सभेचा नाष्टा, पदग्रहणाचं जेवण, प्रांतपाल (आपल्या भागातल्या लायन्स क्लबांचे प्रमुख) आले की हार-शाल, त्यांच्या डिस्ट्रिक्टचे ड्यूज, सगळं त्यातून. लोकांकडून मागून आणलेला पैसा न्यासाच्या खात्यात, आणि तो लोकांसाठीच जायचा. हा काही आपण काढलेला नियम नाही, जगभरच्या लायन्स क्लबांना तो लागू आहे. कागदावर सोपा आहे. अवघड होतो तो संध्याकाळी सहा वाजता, सगळे दमलेले असताना.

माझ्या पहिल्याच वर्षी नेत्रशिबिर झालं. सभासदांच्या चहा-पोह्यांचं बिल आलं ११४० रुपये. मी ते शिबिराच्या खर्चात लिहून मोकळा झालो. महिन्याच्या सभेत आपले एक ज्येष्ठ सभासद, खताच्या दुकानवाले, व्हाउचरं चाळता चाळता थांबले. म्हणाले, “पेशंटचा नाष्टा शिबिराचा. आपला आपल्या खिशातला.” मला राग आला. म्हटलं, “अहो, दिवसभर राबलो, दोन कप चहा प्यालो तर बिघडलं काय?” ते शांतपणे म्हणाले, “काहीच नाही. पण मंडईतल्या बाईकडून वीस रुपयांची पावती फाडताना तिला सांगितलं होतं का, की यातले दोन आमच्या चहाला?” मी दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन ११४० रुपये भरले. ती स्लिप अजून माझ्याकडं आहे.

आपण डोळ्यांच्याच मागे का लागलो, असं नवे सभासद विचारतात. १९१७ साली शिकागोत मेल्विन जोन्स नावाच्या विमा व्यावसायिकानं ही चळवळ उभी केली. आठ वर्षांनी, १९२५ च्या ओहायोतल्या अधिवेशनात, अंध-बधिर लेखिका हेलन केलर यांनी लायन्सना अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं. तेव्हापासून हे काम आपल्याला चिकटलं ते चिकटलंच.

पण ओहायोत केलेलं ते आवाहन केज-धारूरकडच्या गावात पोचतं तेव्हा त्याचं रूप बदलतं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या जातात. गावात उरतात म्हातारीकोतारी आणि लेकरं. शिबिराला गर्दी होते, कारण म्हाताऱ्यांना वेळ असतो. शाळेच्या व्हरांड्यात तपासणी, बीपी, शुगर. शुगर जास्त निघाली की बिचारे परत. बाकीच्यांना गाडीनं दवाखान्यात नेऊन मोतीबिंदूचं ऑपरेशन. प्रत्यक्ष काम पंधरा-वीस मिनिटांचं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढतात.

एका आजीची पट्टी काढली तेव्हा मी शेजारीच होतो. तिनं आधी स्वतःचे हात उलटेपालटे करून पाहिले. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “नाव लिहून घेणारा तूच का रं? आवाजावरनं पोरगा वाटलास. म्हातारा हाइस की!”

त्या दिवशी आमचे फोटो झकास आले. पंधरा दिवसांनी आजीचा डोळा लाल झाला. औषधाचे थेंब घालायला घरात कुणी नव्हतं. लेक-सून कर्नाटकात फडावर, बाटली देव्हाऱ्यात तशीच. डोळा वाचला, पण आमची झोप गेली. त्यानंतर आम्ही नातवंडांना धरलं. चौथीतली पोरगी हात धुऊन, खालची पापणी ओढून, बाटलीचं टोक डोळ्याला न लावता थेंब सोडते, आणि कॅलेंडरवर फुली मारते. चार फुल्या म्हणजे दिवस संपला. आम्ही आठवड्याला फोन करून फुल्या विचारतो. ह्याचा बॅनर होत नाही, म्हणून अहवालात ते अर्ध्या ओळीत येतं.

आपलं दुखणं असं की आपलं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. (१ जुलैलाच डॉक्टर दिन आणि सीए दिन. त्यामुळं दरवर्षी त्याच चार डॉक्टरांना आणि त्याच सीएंना शाल. त्यांची कपाटं भरली असतील.) नवा अध्यक्ष, नवा प्रकल्प. २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या दिवसांत, आपण चौकाचौकांत प्लॅस्टिकच्या टाक्या बसवल्या. मे महिनाभर टँकर आले. जुलैत अध्यक्ष बदलले, पाऊस पडला. पुढच्या उन्हाळ्यात मी पाहिलं तर नळाच्या तोट्या गायब, टाकीवर फक्त आपली नावं शिल्लक.

किल्लारीला हेच जवळून पाहिलं होतं. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आम्ही पोरं ट्रकभर कपडे घेऊन गेलो, तर रस्त्याकडेला आधीच जुन्या कपड्यांचे ढीग भिजत पडलेले. आमचाही त्यात एक ढीग. शांतिलाल मुथा यांच्या भारतीय जैन संघटनेनं मात्र भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं पुण्याला नेऊन शिकवली. आम्ही संध्याकाळी घरी आलो होतो, त्यांनी वर्षानुवर्षांची जबाबदारी घेतली होती. क्लबशेजारी न्यास हवा तो एवढ्यासाठी. अध्यक्ष बारा महिन्यांचा असतो, नातीच्या कॅलेंडरवरच्या फुल्यांना कुणीतरी पुढंही विचारणारं लागतं.

अजून एक. आपल्या सभेत पक्षाचं राजकारण आणि धर्मपंथाचा वाद काढायचा नाही, हेही लायन्सच्या उद्दिष्टांत लिहिलेलं आहे. सध्या जिल्ह्यात वातावरण काय आहे ते मी सांगायला नको. चहाच्या टपरीवर कोण कुणाजवळ बसतो हेही लोक बघायला लागलेत. शिबिराच्या फॉर्मवर मध्यंतरी कुणीतरी जातीचा रकाना छापून आणला होता. “आकडेवारीला बरं पडतं,” म्हणे. सगळे फॉर्म रद्दीत घातले, नवे छापले. छपाईचा दुहेरी खर्च कुठल्या खात्यात टाकला, ते आता तुम्हाला सांगावं लागू नये.

बोलणं लांबलं. एक कामाचं राहिलं. यंदा तीन विश्वस्त बदललेत. धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो, आणि आपण नेहमी ऐंशीव्या दिवशी जागे होतो. कागद त्या कोपऱ्यातल्या टेबलावर आहेत, तिघांनी जेवायच्या आधी सह्या करा. आणि जेवणाचे अडीचशे रुपये क्लबच्या पावतीवर. पुस्तक लाल पुठ्ठ्याचं आहे, निळ्याला हात लावू नका.