वल्हांडणाच्या ताटात कडू भाजी कशाला?

नमस्कार मंडळी! वल्हांडण, म्हणजे ज्यू लोकांचा पेसाख हा सण. त्या रात्री घरातले सगळे टेबलाभोवती बसतात आणि मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामगिरीतून पूर्वज कसे सुटले, ते वाचत वाचत जेवतात. या जेवणाला म्हणतात सेदर.

मधल्या ताटात पाहा, ही मारोर, कडू भाजी. पूर्व युरोपातल्या ज्यूंकडे किसलेलं हॉर्सरॅडिश, म्हणजे एक झणझणीत मूळ, असतं. नुसत्या वासानं नाकाडोळ्यांतून पाणी येतं! बऱ्याच घरांत लेट्यूस घेतात. त्याबद्दल तालमुदात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथात, फार मार्मिक लिहिलंय: ही भाजी आधी मऊ असते, पुढे कडक होते, मिसरी लोकही तसेच वागले. आधी गोड बोलले, मग राबवून घेतलं.

आणि नियम ऐका. मारोर चावूनच खायची. औषधासारखी गटकन गिळली, तर विधी झाला असं धरत नाहीत. कडूपणा जिभेला कळलाच पाहिजे. मला हे फार मोलाचं वाटतं.

शेजारचं तपकिरी वाटण म्हणजे हारोसेत. दिसतं विटा रचायच्या चिखलासारखं, कारण गुलामांनी तेच काम केलं. चवीला मात्र गोड. युरोपात सफरचंद, अक्रोड, दालचिनी, वाइन. बगदादी ज्यूंकडे खजुराचा पाक. मारोर यात बुडवतात, पण लगेच झटकतात, गोडानं कडू झाकलं जाऊ नये म्हणून!

मात्सा ही बेखमीर भाकर. पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत ती भाजायला जावी लागते. मिसरमधून निघायची इतकी घाई होती की पीठ फुगायला वेळच मिळाला नाही. ही गरिबाची भाकर, पण खायची डावीकडे रेलून, मोकळ्या माणसाच्या ऐटीत.

हिरवी भाजी मिठाच्या पाण्यात बुडवतात, ते अश्रू. भाजलेलं हाड आणि अंडं यरुशलेमच्या मंदिरातल्या अर्पणांची आठवण, मंदिर इ.स. ७० मध्ये पडलं. हाड कुणी खात नाही.

हे सगळं आपल्या मराठीतही वाचलं गेलंय बरं का! १८७४ साली पुण्यात बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू, समाजासाठी सेदरची पोथी, म्हणजे हग्गादा, हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रात मात्सा करणाऱ्या बायका साडीत आहेत!

बेने इस्राएल मंडळी पाहत असाल, तर तुमच्या घरी हारोसेत कसं करतात, ते खाली नक्की लिहा.