किराणा दुकानातला लाल ठिपका

नमस्कार मंडळी!

टोरांटोत कार्लटन आणि चर्च स्ट्रीटच्या कोपऱ्यावरच्या लोब्लॉजमध्ये आपल्यातले बरेच जण किराणा घेतात. तिथे एका रांगेत फरशीवर मोठा लाल ठिपका आहे. ही इमारत म्हणजे जुनं मेपल लीफ गार्डन्स, आइस हॉकीचं बंदिस्त मैदान, आणि ठिपका आहे तो बर्फाच्या मैदानाचा मध्य. त्याची गोष्ट कळली आणि हे शहर मला आपलं वाटायला लागलं.

१९१७ साली एनएचएल ही आइस हॉकीची व्यावसायिक लीग स्थापन झाली, तेव्हापासून टोरांटोचा संघ तिच्यात आहे. पहिल्याच हंगामात त्याने स्टॅनली कप, म्हणजे विजेतेपदाचा चषक, जिंकला. पुढे त्याचं नाव सेंट पॅट्रिक्स झालं. १९२७ मध्ये मालकांनी संघ विकायला काढला. फिलाडेल्फियाचे लोक जास्त पैसे मोजायला तयार होते. पण टोरांटोच्या कॉन स्माइथने मालकांना गळ घातली, संघ इथेच राहू द्या. १,६०,००० डॉलरना त्याच्याशी सौदा झाला. स्माइथ पहिल्या महायुद्धात लढलेला. कॅनडाचे सैनिक जे मेपलचं पान मिरवत, तेच त्याने संघाला नाव म्हणून दिलं: मेपल लीफ्स.

त्याला मोठं मैदान बांधायचं होतं, आणि साल होतं १९३१. महामंदी! पैसे कमी पडले. तेव्हा त्याचा सहकारी फ्रँक सेल्की कामगार संघटनांकडे गेला. तो स्वतः वायरमन, संघटनेतला माणूस, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन होतं. मजुरीचा पाचवा हिस्सा रोख न घेता शेअरमध्ये घ्यायला कामगार तयार झाले. घरी चूल कशी पेटवायची ही चिंता असलेल्या माणसांनी, मंडळी, हॉकीच्या मैदानाचे कागद घरी नेले! मला या संघाच्या कुठल्याही कपापेक्षा हे मोठं वाटतं.

जूनमध्ये काम सुरू झालं आणि १२ नोव्हेंबरला तिथे पहिला सामना झाला. जेमतेम साडेपाच महिने. त्या रात्री शिकागोने आपल्याला २-१ असं हरवलं. पण एप्रिल १९३२ मध्ये स्टॅनली कपच्या अंतिम फेरीत समोर न्यूयॉर्क रेंजर्स आले. याच रेंजर्सनी १९२६ मध्ये स्माइथला व्यवस्थापकपदावरून काढून टाकलं होतं. लीफ्सनी सलग तीन सामने जिंकून कप घेतला. तिसरा ६-४ असा, त्याच नव्या छताखाली, आज आपण जिथे भाजी निवडतो तिथे.