शुगरच्या बैठकीत "समजलं का?" विचारणं सोडा

नमस्कार मंडळी. इन्सुलिनच्या व्हिडिओखाली आशाताई आणि सीएचओंचा (उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांचा) एकच प्रश्न सारखा येतोय: "शुगरची माहिती द्यायला बोलावतो, पण लोक येत नाहीत. आले तरी गप्प बसतात. काय करायचं?" आज त्यावरच बोलू.

उपाशीपोटी १२६ च्या वर म्हणजे काय, गोळी वेळेवर का घ्यायची, हे तुम्हाला पाठ आहे. पुढे जाऊ.

आधी न येणाऱ्यांचं. दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असते आणि आपण बैठक ठेवतो सकाळी ११ ला! वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. एका भाऊंनी कमेंट केली, "फुकट आहे तरी येत नाहीत, अडाणी लोक." भाऊ, त्या बाईची दिवसाची मजुरी बुडते. फुकट कुठून झालं ते? हे 'अडाणी' ऐकलं की मला खरंच राग येतो. संध्याकाळी वस्तीवर जा, बचत गटाच्या मीटिंगला जोडून घ्या. आणि घरात स्वयंपाक जी करते तिलाही बसवा. भंडारा-गोंदियाकडे ताटात भात असतो, तिथे ओट्सचा कागद वाटून काय होणार? भात किती आणि सोबत काय, ते बोला.

आता मुख्य मुद्दा. सगळं सांगून झालं की आपण विचारतो, "समजलं का?" आणि समोरून येतं, "हौ जी." येणारच! चारचौघांत नाही कोण म्हणेल? त्याऐवजी म्हणा, "करून दाखवा."

यवतमाळकडचे एक काका दोन्ही बैठकांत "हौ जी" म्हणाले होते. मी म्हटलं, काका, घरची सिरिंज आणा, माझ्यासमोर भरा. इन्सुलिनची बाटली ४० ची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट; सिरिंज नारिंगी टोपणाची, म्हणजे १०० च्या बाटलीसाठीची. २० च्या रेघेपर्यंत भरत होते, अंगात जात होते फक्त ८ युनिट. ४० च्या बाटलीला लाल टोपणाचीच सिरिंज लागते. उलटी गफलत, म्हणजे १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर जिवावर बेतते, डोस अडीचपट जातो. असं सापडलं तर सिरिंज परस्पर बदलू नका, आधी डॉक्टरांना फोन करा, कारण डोस त्या चुकीच्या मापावरच वाढवलेला असू शकतो.

पायाचंही तेच. "आजी, पाय रोज बघता ना?" "हौ." बरं, तळपाय कसा बघता, दाखवा. आजींचा गुडघा वाकत नाही, डोळ्यात मोतीबिंदू. बघणार कशा? पऱ्हाटीचं खुंट रुतलं तरी शुगरने बधिर झालेल्या पायाला कळत नाही. हे काम नातवाला द्यावं लागतं, पण आजींनी करून दाखवायचा प्रयत्न केला नसता तर आपल्याला समजलंच नसतं.

साखर कमी होण्याचं पण तसंच. "चक्कर आली तर काय कराल?" एवढं नका विचारू. "वावरात आहात, दुपार आहे, हात थरथरतोय, दरदरून घाम सुटलाय. आता काय?" एक बाई म्हणाल्या, "ऊन लागलं असंन, सावलीत बसतो, पानी पेतो." बघा! उन्हाचा घाम आणि साखर उतरल्याचा घाम, दोन्ही सारखेच वाटतात. पेशंट इन्सुलिनवर असेल आणि शंका आली तर ३ चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, १५ मिनिटांत बरं नाही वाटलं तर पुन्हा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट १०८. "शुगरवाल्याला साखर कशी द्यायची?" अशी कमेंट दर व्हिडिओखाली असते. ताई, त्या वेळी साखर हेच औषध आहे. पुडी पदराला बांधून दाखवायला लावा, तिथेच, बैठकीत.

वेळ कमी असेल तर माहिती निम्मी सांगा, पण करून दाखवायला लावल्याशिवाय उठू नका. लाल आणि नारिंगी सिरिंज पुढच्या व्हिडिओत हातात घेऊन दाखवते. तुमच्या गावात मेडिकलवर कोणती मिळते, ते खाली लिहा.