गुरुवारचा तास

(दृश्य : वर्गाच्या दाराशी काढून ठेवलेल्या चपला. आतून मुलांचा आवाज.)

सोलापूरच्या पूर्वभागातली एक शाळा. सातवीचा वर्ग. फळ्यासमोर खाकी गणवेशातल्या एक बाई उभ्या आहेत. पोलीस अंमलदार. दर गुरुवारी व्यसनाविरुद्धचा तास घ्यायला येतात. त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिलाय : मावा. खव्याचा नाही, तंबाखू-सुपारीचा.

"कोणी कोणी बघितलाय?" सगळा वर्ग हात वर करतो.

"घरात कोण खातं?" हात थोडे कमी होतात.

"तुम्हाला कोणी खाऊन बघ म्हणालंय?"

एकही हात वर येत नाही. पण मागच्या बाकावरची तीन मुलं मान खाली घालतात. बाईंनी ते बघितलंय. त्या काही विचारत नाहीत, फळा पुसायला वळतात. त्या मुलांना आज सगळ्यांसमोर उभं केलं असतं, तर पुढच्या गुरुवारी ती शाळेतच आली नसती.

(दृश्य : पहाट. विडीची पानं भिजवणारे हात. यंत्रमागाचा खडखडाट.)

या शहरात तंबाखू घराच्या उंबऱ्याच्या आतच असते. हजारो बायका विड्या वळून संसार चालवतात, आणि त्यांची पोरं सुपातल्या त्याच तंबाखूच्या वासात गृहपाठ करतात. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने मनाई आहे. तरी शाळेच्या फाटकातून बाहेर पडा आणि पावलं मोजा. टपरी लागते.

तिथून पुढे नशेसाठी पंक्चरचं सोल्युशन, खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या. आणि आता एमडी, म्हणजे मेफेड्रोन, रसायनांपासून बनवलेली नशेची पावडर. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबई पोलिसांनी शहराबाहेरच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत छापा घातला, तेव्हा एमडी तयार करणारा कारखानाच सापडला. चादरीचं गाव म्हणून आपण ज्याची ओळख सांगतो, त्या गावाच्या वेशीवर. पुणे–हैदराबाद महामार्ग इथूनच जातो, विजापूरचा रस्ता इथेच फुटतो, मुंबई–चेन्नई रेल्वे इथे थांबते. माल येण्याजाण्याला वाटा भरपूर.

(दृश्य : पोलीस ठाण्याचा व्हरांडा. भिंतीवर ड्युटीचा फळा.)

शहरात सात पोलीस ठाणी. फौजदार चावडी, जेल रोड, सदर बझार, जोडभावी पेठ, विजापूर नाका, सलगर वस्ती, एमआयडीसी. 2011 च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, आणि जुळे सोलापूर हा शहराचा नवा भाग त्यानंतरही वाढतच राहिला. देशाचा हिशोब सांगतो की लाख लोकांमागे पोलिसांची मंजूर पदं सुमारे 195 आणि प्रत्यक्ष भरलेली दीडशेच्या आसपास. हा खड्डा ड्युटीच्या फळ्यावर रोज दिसतो. समन्स बजावायला एक जण, कोर्टात एक, आरोपीला दवाखान्यात न्यायला दोन, रात्रगस्त, नाकाबंदी. जानेवारीत होम मैदानावर सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, एप्रिलमध्ये भीमजयंती, आषाढीला पंढरपूरचा बंदोबस्त, मग गणपती.

त्यात अमली पदार्थाची एक केस आली की अख्खं पथक अडकतं. पंच आणायचे, झडती नियमाने घ्यायची, मुद्देमाल सील करायचा, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढायचे, ते प्रयोगशाळेत पोहोचवायचे. एमडी पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त असेल तर दहा ते वीस वर्षांची शिक्षा आहे, म्हणून कागदात एक चूकसुद्धा चालत नाही. अशा ठाण्याला सांगायचं की दर आठवड्याला एक माणूस शाळेत पाठवा. ठाण्याचे साहेब वैतागले तर त्यांना दोष देववत नाही.

तरीही हा तास व्हायलाच हवा, आणि तो नीट व्हायला हवा. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये 1983 साली पोलिसांना वर्गात पाठवायचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. डेअर त्याचं नाव. तो देशभर पसरला. पुढे संशोधकांनी तपासलं तेव्हा दिसलं की तास झालेल्या आणि न झालेल्या मुलांमध्ये काही वर्षांनी फारसा फरक उरत नाही. शेवटी त्यांनी अभ्यासक्रमच बदलला. व्याख्यान कमी केलं, नकार द्यायचा सराव वाढवला. आपल्याकडे मात्र अजून 26 जूनला, अमली पदार्थविरोधी दिनाला, रॅली निघते, मुलं घोषणा देतात, शपथ घेतात, फोटो निघतो आणि वर्ष सरतं. एवढ्यावर भागत नाही, हे आता स्पष्ट बोलायला हवं.

(दृश्य : वर्ग. बाकं बाजूला सरकवलेली.)

बाईंच्या तासाला मुलं खेळ खेळतात. एक जण टपरीवरचा दादा होतो. "घे रे, एकदाच. घाबरतो काय?" समोरचा म्हणतो, "आई मारंल." वर्ग हसतो. दुसरा गप्पच उभा राहतो. एका मुलीला मराठीत शब्द सुचत नाही. बाई तिला तेलुगूत सांगतात, "तुझ्या भाषेत बोल." ती बोलते, आणि बोलता बोलता चालायला लागते.

"बघितलं?" बाई म्हणतात. "ती थांबली नाही. थांबलं की तो दुसऱ्यांदा विचारतो."

मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू. या शहरात शाळा चार भाषांत भरतात. त्यामुळे ज्याची ड्युटी मोकळी असेल त्याला पाठवून हे काम होत नाही. तोच माणूस, तीच शाळा, वर्षभर. असं झालं तरच मागच्या बाकावरचा एखादा मुलगा कधीतरी वर्ग सुटल्यावर मागे थांबेल. व्यसन लागलेल्याने स्वतःहून उपचार मागितले तर कायदा त्याला संरक्षण देतो, व्यसनमुक्तीसाठी 14446 हा मोफत क्रमांक आहे, आणि मुलाच्या हाती नशा देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंतची सक्तमजुरी आहे. हे त्या मुलाला ओळखीच्या माणसाकडून कळायला हवं. त्यासाठी शाळेत जाणाऱ्या पोलिसाचं मंजूर पद हवं, आणि त्या पदावरच्या माणसाला बंदोबस्तातून सूट हवी.

(दृश्य : संध्याकाळ. हजेरी मास्तरांचं टेबल.)

यात्रेला आठ दिवस उरलेत. हजेरी मास्तर उद्याच्या ड्युट्या लिहितायत. गार्ड, गस्त, कोर्ट, बंदोबस्त असे रकाने आहेत. शाळेचा रकाना नाही. बाईंचं नाव येतं तेव्हा त्यांचं पेन क्षणभर थांबतं. उद्या गुरुवार आहे, हे त्यांनाही माहीत आहे.

ते लिहितात : होम मैदान, सकाळी नऊ.